मिडनाइट लाइटनिंग: योसेमिटीमधल्या त्या धोंड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी आमच्याबरोबर बोल्डरिंगला, म्हणजे धोंड्यांवर दोराशिवाय चढायला, नव्याने येणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि अमेरिकेत राहणारे मित्र यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच नीट मांडावं म्हणून हे पान. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे त्या क्रमांकाकडे बोट दाखवलं आहे.

1. मिडनाइट लाइटनिंग म्हणजे नक्की काय? शिखर, कडा की नुसता दगड?

दगडावरची एक वाट. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या दरीत कॅम्प 4 नावाचा तंबूतळ आहे आणि त्या तळाच्या मधोमध कोलंबिया बोल्डर हा प्रचंड धोंडा उभा आहे. त्याच्या बाहेर झुकलेल्या एका बाजूवरून, दोराशिवाय, ठरावीक पकडी वापरत माथ्यावर जायचं. एवढीच ती वाट. त्याच दरीत एल कॅपिटानसारखे 900 मीटरचे कडे असताना जगभरातले प्रस्तरारोहक या एका धोंड्यापाशी येऊन थांबतात. 1978 साली ती पहिल्यांदा चढली गेली, आणि जगात सर्वांत प्रसिद्ध बोल्डर प्रॉब्लेम कोणता असं विचारलं तर आजही बहुतेक जण हेच नाव घेतील.

2. चढाईला "प्रॉब्लेम" का म्हणतात?

कारण ती सोडवावी लागते. लांब कड्यावर दमसास महत्त्वाचा असतो. बोल्डरवर पाच-दहा हालचालींतच सगळा खेळ संपतो, आणि कुठला हात आधी, पाय किती वर, कंबर कुठे वळवायची, याचा क्रम जुळला नाही तर नुसत्या ताकदीने काही होत नाही. बोल्डरिंगला स्वतंत्र खेळाचा दर्जा मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते अमेरिकेचे जॉन गिल पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. हा शब्द त्यांच्यामुळेच रुजला असा दावा मी करणार नाही, पण एका गणितज्ञाच्या खेळाला तो शोभतो. गिल जिम्नॅस्टिक्समधून आले होते. हाताला खडूची, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची, पूड लावायची सवय त्यांनीच 1950 च्या दशकात तिथून कातळावर आणली.

3. ही वाट पहिल्यांदा कोणाला दिसली आणि कोणी चढली?

दिसली एकाला, चढली दुसऱ्याने. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा जीव इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1970 च्या दशकात कॅम्प 4 मध्ये तरुण प्रस्तरारोहकांचं एक टोळकं महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून असे. पैसे नाहीत, नोकरी नाही, दिवसभर कातळ. त्यांतले रॉन कॉक, जॉन बाकर आणि जॉन याब्लॉन्स्की हे तिघे इथे महत्त्वाचे. याब्लॉन्स्कीला सगळे याबो म्हणत. कोलंबिया बोल्डरच्या शेजारून हे सगळे रोज येत-जात होते, पण त्या झुकलेल्या भिंतीत वाट आहे हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. ती याबोला दिसली. इथून तिथे, मग त्या खाचेत, मग काठावर, असं त्याने दाखवलं तेव्हा बाकीचे हसले. पकडी होत्या, पण एकमेकींपासून इतक्या लांब की त्यांची साखळी होईल असं कुणाला वाटेना.

तरी कॉकने हात घातला, बाकरनेही. दिवसामागून दिवस ते पडत राहिले. एकेक हालचाल सुटत गेली आणि शेवटी कॉक काठापर्यंत पोहोचला, पण तिथे अडला (का अडला ते प्रश्न 6 मध्ये). अखेर मे 1978 मध्ये कॉक माथ्यावर उभा राहिला. तेव्हा तो 20 वर्षांचा होता. पुढे बाकरनेही ती चढली, आणि त्यानंतर बराच काळ ती या दोघांचीच मानली जाई.

पहिल्या चढाईचा मान कॉकचा, यात वाद नाही. पण ज्याने आधी ती पाहिली त्या याबोचं नाव सांगितल्याशिवाय ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. तो 1991 साली गेला.

4. हे नाव कुठून आलं? रात्री वीज पडली होती का?

नाही. जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाच्या मृत्यूनंतर, 1975 साली, याच नावाचा त्याचा अल्बम निघाला होता. त्या टोळक्याला हेंड्रिक्सचं वेड होतं. त्याच वर्षी बाकर, कॉक आणि जॉन लाँग यांनी वॉशिंग्टन कॉलम या कड्याचा पूर्वेचा भाग, दोराचा आधार फक्त पडल्यास सावरण्यापुरता ठेवून, हातापायांनी चढून काढला. त्या वाटेचं नावही त्यांनी अ‍ॅस्ट्रोमॅन ठेवलं, तेही हेंड्रिक्सच्याच एका गाण्याचं. नावं ठेवण्याची त्यांची रीतच ती होती.

5. दगडावर पांढरी वीज काढलेली दिसते. ती कोणी काढली? ती रंगवलेली आहे का?

रंग नाही, हाताला लावायचा खडू. प्रयत्न चालू असतानाच्या दिवसांत बाकरने ती विजेची आकृती काढली. खडू पावसाने, वाऱ्याने फिकट होतो, म्हणून वेळोवेळी कोणी ना कोणी ती पुन्हा गिरवत आलं आहे. आज दिसते ती रेघ बाकरच्या हातची नाही, तिची जागा मात्र त्याचीच. 2013 साली एकाने ती पुसून टाकली होती. प्रस्तरारोहकांमध्ये चांगलंच रान उठलं आणि थोड्याच काळात ती परत आली.

"मग आम्हीही आमच्या बोल्डरवर चित्र काढलं तर काय झालं?" असं एका मुलाने विचारलं होतं. काढू नकोस. या आकृतीला तिच्या इतिहासामुळे जागा मिळाली आहे. बाकी सगळीकडे नियम उलटा आहे: निघताना ब्रशने आपला खडूसुद्धा झाडून जायचं, खुणेच्या रेघा मागे ठेवायच्या नाहीत.

6. ती अवघड आहे म्हणजे नेमकं काय अवघड आहे?

दोन गोष्टी. पहिली, खालचा भाग. भिंत अंगावर येते, पकडी लहान आहेत आणि एका पकडीवरून दुसरीकडे जवळजवळ झेप घ्यावी लागते. इथे बोटांत आणि खांद्यांत जोर हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे काठ. याला मॅन्टल म्हणतात. पायऱ्या नसलेल्या विहिरीत पोहताना काठावर तळवे टेकून, कोपरं सरळ करत अंग वर उचलून बाहेर यायचं, हे ज्याने लहानपणी केलं असेल त्याला मॅन्टल समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की विहिरीत पाणी खालून अंगाला उचल देतं. इथे खाली हवा आहे, काठ गोलसर आहे, पायाला धड आधार नाही, आणि खालच्या भागाने हात आधीच रिकामे करून ठेवले आहेत. एक पाय काठावर चढवून त्यावर सगळं वजन तोलत उठायचं असतं. जरा मागे झुकलात की गेलात.

खालचा भाग पार करून इथून पडलेल्यांची गणती नाही. स्वतः कॉकही आधी इथेच अडला होता. मला हा प्रॉब्लेम थोर वाटतो तो या काठामुळे. खालचं बोटांच्या व्यायामाने कमावता येतं, पण वरती उंचीची भीती आत असताना शांतपणे ढकलायचं असतं, आणि त्याचा सराव घरी टांगलेल्या बोटांच्या व्यायामाच्या फळीवर होत नाही.

7. तिची श्रेणी व्ही 8 आहे असं वाचलं. आता तर व्ही 17 पर्यंत गेले आहेत. मग हिचं एवढं कौतुक कशाला?

आकडे बरोबर आहेत. व्ही हे अमेरिकेतलं काठिण्याचं माप, आकडा जितका मोठा तितकी वाट अवघड (प्रश्न 8). फ्रान्सच्या फॉन्टेनब्लो पद्धतीत हिला 7बी किंवा 7बी+ म्हणतात. त्या मापाने वरचं टोक पाहायचं तर फिनलंडमधलं बर्डन ऑफ ड्रीम्स. नाले हुक्काताइवाल याने काही वर्षं झगडून 2016 साली ते सोडवलं आणि 9ए, म्हणजेच व्ही 17, ही श्रेणी सुचवली. तेव्हा एवढी वरची श्रेणी कुठल्याच बोल्डरला नव्हती. दुसरी चढाई व्हायला 2023 उजाडलं, ती ब्रिटनच्या विल बोसीने केली. त्यापुढे व्ही 8 आज चढाईच्या कृत्रिम भिंती असलेल्या जिममध्ये मेहनत करणाऱ्या पुष्कळ जणांच्या आवाक्यात आहे.

पण श्रेणी ही आजच्या माणसाला आजच्या साधनांनी किती जड जातं याची खूण आहे. 1978 साली त्या तिघांपुढे ना चित्रफीत होती, ना "हा हात इथे ठेव" सांगणारं कोणी, ना ही गोष्ट शक्य आहे याचा पुरावा. आपण जातो तेव्हा ती शक्य आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि निम्मा भार तिथेच उतरतो. नुसत्या आकड्यावरून हिला सोपी म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो.

8. 1978 मध्ये व्ही श्रेणी होती का?

नव्हती. ती पद्धत जॉन शर्मन याने टेक्सासमधल्या ह्युको टँक्स इथे बसवली आणि 1991 मध्ये छापून आली. त्यातला "व्ही" त्याच्या टोपणनावावरून आला आहे. त्याआधी अमेरिकेत गिल यांची बी पद्धत चाले आणि तिच्यात तीनच पायऱ्या होत्या. बी 1 म्हणजे त्या काळच्या सर्वांत अवघड दोराच्या चढाईइतकं कठीण, बी 2 त्याहून वरचं, आणि बी 3 म्हणजे जे फक्त एकदाच, एकाच माणसाने केलं आहे ते. दुसऱ्याने केलं की बी 3 खाली उतरायचं.

या हिशेबाने बाकरने दुसरी चढाई केली त्या क्षणी हिची बी 3 ची जागा संपली. आकडा वाढतच राहावा असा आग्रह त्या पद्धतीत नव्हता, ते मला फार आवडतं.

9. पहिल्या चढाईच्या वेळी खाली गाद्या होत्या का? बूट कसले होते?

गाद्या नव्हत्या. आज आपण पाठीवर टाकून नेतो त्या क्रॅश पॅड 1990 च्या दशकात रूढ झाल्या. तेव्हा खाली माती आणि हात पुढे करून उभे असलेले मित्र, एवढंच. आजच्या बुटांचं चिकट रबरही 1980 च्या दशकात आलं. ते नवे बूट अमेरिकेत पोहोचवण्यात खुद्द बाकरचा हात होता. पण कॉकच्या पायात मे 1978 मध्ये जुन्या, टणक रबराचे बूट होते. प्रश्न 6 मधला काठ त्या बुटांत डोळ्यांपुढे आणून पाहा.

10. स्त्रियांपैकी कोणी केली आहे का? मी बुटकी आहे, मला जमेल का?

हा प्रश्न मुली विचारतात, आणि त्याचं उत्तर द्यायला मला आवडतं. लिन हिल यांनी 1998 साली ही वाट चढली, स्त्रियांमधली ती पहिली चढाई. त्यांची उंची पाच फूट दोन इंच, आणि तेव्हा वय 37. त्याआधी 1993 मध्ये एल कॅपिटानची नोज ही वाट, दोर फक्त पडल्यास सावरण्यापुरता ठेवून, हातापायांनी चढणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या व्यक्ती ठरल्या होत्या. पहिली स्त्री नव्हे, पहिली व्यक्ती. पुढच्याच वर्षी तीच वाट त्यांनी 24 तासांच्या आत केली.

उंची कमी असेल तर खालच्या लांबच्या पकडींसाठी झेप मोठी घ्यावी लागेल, हे खरं. त्यासाठी पाय वर ठेवण्याची लवचिकता आणि नेमकी वेळ साधणं लागतं. काठावर मात्र उंच माणसाचा फायदा बराचसा संपतो. लांब पाय दुमडून काठावर चढवणं हीच त्यांची अडचण होऊन बसते.

11. कॉक आणि बाकर नंतरही मित्र राहिले का?

पुढे त्यांच्यात दुरावा आला. 1980 च्या दशकात कड्यांवर बोल्ट, म्हणजे दोर अडकवायचे धातूचे खिळे, कसे ठोकायचे यावरून योसेमिटीत मोठं भांडण पेटलं. बाकरचं म्हणणं, खालून चढत जातानाच ठोकायचे, वरून दोराने उतरून आधी जागा तयार करून ठेवणं म्हणजे कड्याशी अप्रामाणिकपणा. कॉकने वरून बोल्ट ठोकण्याची पद्धत स्वीकारली. एकाच धोंड्यावर एकमेकांना झेलणारे दोघं त्या वादात समोरासमोर आले.

बाकर दोराशिवाय एकट्याने कडे चढण्यासाठी प्रसिद्ध होता. 1981 मध्ये त्याने जाहीर चिठ्ठी लावली होती: एक पूर्ण दिवस जो माझ्यामागे दोराशिवाय चढून दाखवेल त्याला 10,000 डॉलर. कोणी पुढे आलं नाही. 5 जुलै 2009 रोजी कॅलिफोर्नियात मॅमथ लेक्सजवळ एकटा चढताना तो पडला आणि गेला. तेव्हा तो 52 वर्षांचा होता.

12. कॅम्प 4 ला ऐतिहासिक वारशाचा दर्जा आहे म्हणतात. तंबूतळाला?

हो, आणि तो झगडून मिळाला आहे. जानेवारी 1997 मध्ये मर्सेड नदीला मोठा पूर आला आणि दरीतल्या इमारतींचं नुकसान झालं. त्यानंतर कॅम्प 4 च्या लगत कर्मचाऱ्यांची घरं वगैरे बांधायचा बेत पुढे आला. 1960 च्या दशकात एल कॅपिटानवरच्या मोठ्या चढायांत असलेले टॉम फ्रॉस्ट यांनी त्याविरुद्ध पुढाकार घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं, जगभरातले प्रस्तरारोहक मागे उभे राहिले. 21 फेब्रुवारी 2003 रोजी कॅम्प 4 अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला. धूळ, झाडं, लाकडी बाकं आणि धोंडे, एवढंच तिथे आहे. तरी त्या जागेचं मोल ओळखलं गेलं. आपल्याकडे बोल्डरिंगच्या जागा खाणीखाली आणि बांधकामाखाली जाताना पाहिल्या की हे उदाहरण मला वारंवार आठवतं.

13. आम्ही बे एरियात राहतो. लाँग वीकेंडला योसेमिटीला जातो तेव्हा हे पाहता येईल का?

नक्की पाहता येईल. सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने साधारण चार तास. धोंडा पाहायला वेगळं तिकीट नाही, उद्यानाचा प्रवेश पुरे. कॅम्प 4 योसेमिटी धबधब्याच्या बाजूला आहे. गाडी बाहेर ठेवून चालत आत जायचं. तिथेच मुक्काम करायचा असेल तर गर्दीच्या काळात आरक्षण आधी करावं लागतं, आणि एका जागेवर सहा जणांपर्यंत राहता येतं. थालीपीठ, चिवडा, लाडू काहीही नेलंत तरी रात्री ते लोखंडी पेटीत बंद करा. तिथे अस्वलं येतात, हा नियम कडक आहे.

बघण्यासाठी कोणताही ऋतू चालेल. चढण्यासाठी वसंत किंवा शरद बरा. उन्हाळ्यात हाताला घाम सुटतो आणि ग्रॅनाइट निसरडा लागतो. मुलं बरोबर असतील तर ज्याचा प्रयत्न चालू आहे त्याच्या खाली, गादीच्या आसपास, त्यांना जाऊ देऊ नका.

14. महाराष्ट्रात याच्यासारखं काही आहे का?

हुबेहूब नाही, कारण दगडच वेगळा. योसेमिटीचा ग्रॅनाइट सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली सावकाश थंड झालेला, म्हणून त्याचे स्फटिक मोठे आणि स्पर्श खरखरीत. पुढे हिमनद्यांनी तो जागोजागी घासून गुळगुळीत केला. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, बारीक कणांचा काळा बेसॉल्ट. तो चौकोनी तुटतो, धारदार कडा देतो आणि कधी कधी हातातही येतो. गोलसर काठाचा मॅन्टल शिकायला ग्रॅनाइट हवा. त्यासाठी जवळचं ठिकाण म्हणजे कर्नाटकातलं हंपी, पुण्या-मुंबईची मंडळी हिवाळ्यात तिकडे जातातच.

पण बोल्डरिंगची परंपरा आपल्याकडे आहे. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, मुंब्रा, बेलापूर इथल्या दगडांवर पिढ्या शिकल्या. 1954 मध्ये सुरू झालेल्या गिरिविहार संस्थेने तर 2016 आणि 2017 मध्ये बोल्डरिंगची विश्वचषक फेरी नवी मुंबईत भरवून दाखवली.

15. जिममध्ये माझ्या व्ही 8 झाल्या आहेत. गेल्या गेल्या होईल ना?

कदाचित, पण धरून चालू नका. जिममधल्या पकडी रंगीत असतात, इथे त्या शोधाव्या लागतात. खाली जाड गादी सगळीकडे नसते. आणि मॅन्टल जिममध्ये क्वचितच येतो. जाण्याआधी काही महिने कमी उंचीच्या दगडांवर रोज काठावर चढण्याचा सराव करा, दोन्ही बाजूंच्या पायांनी. झेलायला दोन जाणती माणसं न्या. काठावरून माणूस पाठीकडे पडतो, म्हणून त्यांना कुठे उभं राहायचं ते आधी ठरवून घ्या.

16. काठाला दोन्ही हात लावले आणि उडी मारली, तर झाली म्हणायची का?

नाही. हा गैरसमज जिममुळे होतो, तिथे शेवटच्या पकडीवर दोन्ही हात स्थिर झाले की चढाई पूर्ण धरतात. बाहेर माथ्यावर उभं राहिल्याशिवाय पूर्ण होत नाही. आणि या ठिकाणी तर काठ सोडून दिला म्हणजे अर्धा प्रॉब्लेमच सोडला (पुन्हा प्रश्न 6). "वरचा भाग तर सोपा, तो धरायचाच" असंही कुणी म्हणतं. धरायचा नाही, चढायचा.

17. वरून दोर सोडून आधी फक्त काठाचा सराव केला, मग खालून सलग चढलो. ते चालतं का?

चालतं. शेवटची चढाई खालून वर, सलग, दोराशिवाय झाली की ती तुमची. सराव कसा केला हे ज्याचं त्याने ठरवावं, फक्त कुणी विचारलं तर खरं सांगावं. पकड कोरणं, दगड फोडून पाय ठेवायला जागा करणं, खाली दगड रचून पहिली पकड जवळ आणणं, यातलं काहीही चालत नाही.

माझा स्वतःचा कल खालूनच प्रयत्न करण्याकडे आहे. पहिल्यांदा काठाशी पोहोचल्यावर पुढे काय आहे ते ठाऊक नसणं, तळव्याखाली तो गोलसर ग्रॅनाइट येणं आणि मागून मित्राने "ढकल!" म्हणून ओरडणं, हे एकदाच मिळतं. ते मी दोरावर खर्च करणार नाही.